साहेबाच्या हिरवळीवरची शिकार

जेवणं आटोपून सिंगापुरातल्या बेडोकच्या ब्लॉकखाली पांडुरंगकाका बसले होते. जहाजावरून निवृत्त झालेले इंजिनिअर. समोर त्यांचा पुतण्या अमेय आणि पुतणी गार्गी. दुसऱ्या दिवशी गार्गीच्या कॉलेजात वादविवाद होता. इंग्लंडात कुत्री सोडून कोल्ह्याची शिकार करतात, ती परंपरा जपावी का? तिच्या वाट्याला 'जपावी' ही बाजू आली होती.

"बोल खुशाल," काका म्हणाले. "पण आधी माझ्या मित्राचं, उल्हासचं ऐक."

तारीख सव्वीस डिसेंबर दोन हजार सोळा, सोमवार, नाताळची सुट्टी. उल्हास क्वीन्सटाउनला राहायचा. संध्याकाळी त्याच्या इंग्रज साहेबाचा फोन आला: ऑफिसात माझं कुरिअर पडलंय, बंगल्यावर आणून दे. उल्हासचा इथला नोकरीचा पास जानेवारीत संपत होता आणि शिफारस साहेबाच्या हातात. बायको नीता पुण्याला गेलेली. तो निघाला.

अलेक्झांड्राकडचा जुना बंगला. पाहुणे, वाइन, पंख्याखाली घाम पुसत चाललेला नाताळ. कुरिअर फोडलं, तर आत शिकारीचा पितळी कर्णा आणि पिशवीत एक चिंधी. कोल्ह्याच्या मुताचा वास मारणारी.

"आमच्याकडे शिकारीवर बंदी आली ना," साहेब सांगू लागला, "म्हणून आम्ही आता ही चिंधी ओढत नेतो. कुत्री वासामागे धावतात. मध्येच खरा कोल्हा सापडला, तर आमचा काय दोष?"

"एवढी कुत्री एका कोल्ह्यामागे," एक पाहुणी म्हणाली, "आणि याला खेळ म्हणता?"

कुत्र्यांचा कळप, घोडे, लाल कोट, आणि पुढे मांजरापेक्षा जरासं मोठं जनावर. केवढा तो पराक्रम. पण उल्हास काय बोलला? "सर, आमच्या कोकणातही पारध असते. जनावराला मजाच येते." आयुष्यात पारध पाहिली नव्हती त्यानं.

साहेब खूश झाला. चिंधी त्यानं उल्हासच्या पट्ट्याला मागून बांधली आणि कर्णा तोंडाला लावला. "मजा येते ना? मग पळ."

"पळाला?" गार्गीनं विचारलं.

"पळाला. हसत हसत. मॅनेजर माणूस, हिरवळीला फेऱ्या मारतोय आणि मागून वाइन प्यायलेले साहेबलोक भुंकतायत. परंपरा म्हणे."

निघताना त्यानं चिंधी फाटकापाशी कचऱ्यात टाकली. रस्ता उताराचा. वर रेन ट्रीच्या फांद्या, खाली तुरळक दिवे. मागे कर्णा वाजला. साहेबाची चेष्टा, त्याला वाटलं. त्यानं वळून पाहिलं.

रस्ता रिकामा.

मग धाप ऐकू आली. एकाची नाही, पुष्कळांची. पावलांचा आवाज नव्हता... नुसती धाप. तो भरभर चालू लागला. धाप जवळ आली. तो धावला. आता हसत नव्हता.

त्याचा ब्लॉक आला. लिफ्ट वर अडकलेली. जिना. बारावा मजला. किल्ली काढली... आत जाईना. पुन्हा लावली. जाईना. खाली जिन्यात धाप. एक मजला वर. आणखी एक...

मग थांबली. त्याच्याच मजल्यावर.

तो जाळीच्या दाराला पाठ लावून बसला. गुडघे पोटाशी. ओरडणार, तेवढ्यात...



"मग?" अमेय म्हणाला.

"शेजारच्या लिम अंकलनी दार उघडलं. 'अय्यो, लॉक्ड आउट आह?' कॉरिडॉरमध्ये कुणी नव्हतं."

"आणि पास?" गार्गीनं विचारलं.

"वाढला. त्यासाठीच तर पळाला होता."

"किल्लीच चुकीची असणार, लाह," अमेय म्हणाला.

"किल्ली बरोबर होती. मी तेव्हा त्याच ब्लॉकमध्ये राहायचो, लगेच हत्यारं घेऊन गेलो. कुलपाच्या भोकात माती ठासून भरलेली. इंग्लंडात म्हणे शिकारीच्या आदल्या रात्री माणसं पाठवून कोल्ह्याची बिळं मातीनं बुजवायचे. पळून आत शिरता येऊ नये म्हणून. हे मला पुढे कळलं."

गार्गीनं हातातला फोन उपडा ठेवला. "कुणीतरी खोडी केली असेल," ती हळूच म्हणाली.

"असेल. मी ती माती स्क्रूड्रायव्हरनं उकरून तळहातावर घेतली. हात बधिर झाला माझा. इथे, सिंगापुरात... त्या मातीत बर्फाचे खडे होते."