तार बांधलेला कार्बोरेटर

बसा नीट. आणि तो मोबाइल आधी उलटा ठेव, तोंडावर उजेड पडला की ऐकण्यात लक्ष राहत नाही. हे काही कुठून तरी उचललेलं नाही हं. ज्याच्यावर गुदरलं तो आमच्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस. त्याला सगळे वकील म्हणायचे. कोर्टाची पायरी जन्मात चढला नव्हता, पण पाच वाजले म्हटलं तरी हा दहा मिनिटं वाद घालणार.

वकील डोंगरावरच्या पाण्याच्या पंपावर नोकरीला होता. पंपाशेजारीच दोन खोल्यांचं क्वार्टर, तिथे तो आणि वहिनी, दोघंच. शहरात यायचं तर आधी खडा चढ, मग खिंड, मग अकरा वळणांचा उतार. रस्ता आपला म्हणायचा म्हणून रस्ता. त्यावर चालायची ती फक्त त्याची जुनी पेट्रोल जीप, आणि तिचा कार्बोरेटर कामातून गेला होता. सपाटीवर ठीक, पण चढाला लागली की पेट्रोल पोचायचं नाही आणि गाडी दोन आचके देऊन गप्प व्हायची.

दोन वर्षांपूर्वी ती अशीच गप्प झाली होती. मागे वहिनी होत्या, कळा सुरू झालेल्या. गाडी पुन्हा चालू व्हायला दीड तास गेला आणि मूल हाती लागलं नाही. त्यानंतर वकिलाने वाद घालणंसुद्धा कमी केलं होतं. आता वहिनींचे पुन्हा दिवस भरत आले होते, म्हणून तो वाटेत तीनदा थांबत, गाडीला शिव्या घालत, कार्बोरेटर आणायला शहरात उतरला.

पार्टवाल्या शेठने दोन काढून ठेवले. एक नवा कोरा. वकिलाने तो हातात घेतला, तिरका धरला, कानाशी नेऊन हलवला.

"याच्या आतला तरंगता फ्लोट अडकतोय. चढावर दगा देणार."

"मग हा घ्या. मोठ्या कारचा आहे. पिकअप बघा एकदा!"

"आणि तो बसवायला खाली प्लेट लागेल, ती डोंगरावर कोण बनवणार? तुम्ही येता?"

"अहो वकील," शेठने हात जोडले, "तुम्हाला कार्बोरेटर हवाय की माझा जीव?"

शेवटी शेठनेच त्याला भंगारवाल्या काकांकडे पिटाळलं. काकांच्या शेडमध्ये त्याच्याच जीपचा, त्याच मेकचा, अस्सल कार्बोरेटर खुंटीला टांगलेला होता. तिरका केला, हलवला, आवाज स्वच्छ. वकिलाचा चेहरा फुलला. फक्त कार्बोरेटरच्या तोंडातून एक तांब्याची तार ओवून पीळ घातला होता.

आता ही तार काय, ते ऐका. या धंद्यातली जुनी रीत आहे. ज्या गाडीत माणूस गेला, तिचा पार्ट तार बांधूनच ठेवतात. घेणाऱ्याने तो धुवायचा, सगळे स्क्रू उघडायचे आणि आपल्या हाताने नव्याने सेट करायचा. गेलेल्याच्या सेटिंगवर गाडी चालवायची नाही.

"ऐकून घे," काका म्हणाले. "ती गाडी दरीतून काढलेली आहे. त्या रात्री काय झालं—"

"काका, पुराण नको. पार्ट द्या."

"स्क्रू उघडशील ना? वचन दे."

"उघडतो हो!"

वर येऊन त्याने तो पेट्रोलने धुतला, तार काढली, जीपला बसवला. चावी फिरवली. एका फटक्यात चालू! चढावर नेली, चढली. खिंडीपर्यंत जाऊन आली, एक आचका नाही. स्क्रू ड्रायव्हर हातात होता, पण मनात आलं, इतकं छान जमलंय, उगाच कशाला हात लावा? उद्या करू. मग ते उद्या राहिलंच.

"जुनाच आणलात?" वहिनींनी विचारलं.

"नव्यापेक्षा भारी आहे."

"या वेळी थांबणार नाही ना हो?"

"नाही थांबणार. माझ्यावर सोड."

वहिनींनी मान हलवली. पण त्यांना धास्ती होती, आणि त्यालाही.

नोव्हेंबरची चौदा तारीख, गुरुवार. रात्री दोन वाजून वीस मिनिटं. वेळ पक्की आहे, कारण पंप बंद केल्याची नोंद करून तो निघाला होता. वहिनींना मागच्या सीटवर आडवं केलं, अंगावर दोन चादरी घातल्या आणि गाडी काढली.

चढ आला. वकिलाने श्वास धरला. जीप सरसर चढली. जिथे ती दोन वर्षांपूर्वी मेली होती, तो दगड मागे पडला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघितलंस?" तो ओरडला. मागून वहिनी कण्हत "हं" म्हणाल्या.

खिंड ओलांडली आणि उतार लागला. त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला.

इंजिनचा जोर उतरला नाही.

पहिलं वळण. दुसरं. गाडी जोर करत होती. पाय काढलेला, तरी कुणीतरी दाबल्यासारखी पळत होती. त्याने पेडल पायाने वर उचलून पाहिलं. मोकळं होतं. तिसऱ्या वळणावर मागचं चाक कडेच्या मातीवरून घसरलं.

"अहो, हळू..."

"हो. हो गं."

त्याने चावी बंद केली. इंजिन चालूच. आता तुम्ही म्हणाल, तापलेलं पेट्रोल इंजिन चावी काढल्यावरही थोडं गचके देतं. देतं ना! पण गचके देतं. हे तर एकसुरात वाढत चाललं होतं.

सातवं वळण. त्याने गियर सोडला, दोन्ही पायांनी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला. जीप कडेच्या दगडाला टेकून थांबली. पुढचं चाक अर्धं दरीवर. दिवे दरीत पडले होते आणि तिथे काहीच दिसत नव्हतं.

चावी त्याच्या मुठीत. आणि इंजिन किंचाळत होतं.

तो उतरला. बॉनेट उघडलं. टॉर्च दातांत धरला. असं इंजिन मारायचा एकच उपाय, हवेचा पाइप काढायचा आणि कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात दाबायचा. त्याने दाबला. आतून हात खेचला गेला... आणि मग उलट, आतून श्वास आला. ऊन. दमलेल्या माणसाचा.

हात काढला नाही. काढला असता तर... मागे ती होती.

इंजिन बंद पडलं.

शांतता...

त्या शांततेत वहिनींचा आवाज आला. हळू. "हो... हो... पोचू आपण. मी आहे ना."

त्याला वाटलं, ती त्याच्याशीच बोलतेय.

वकील ढसाढसा रडला. आयुष्यभर सगळ्यांशी भांडला, पण तिथे वाद घालायला शब्दच सापडेना. बॉनेटमध्ये डोकं घालून एवढंच म्हणाला, "दादा... चुकलो मी. वचन देऊन विसरलो. ही गाडी माझी आहे. मागे माझी बायको आहे. मला जाऊ दे."

स्क्रू ड्रायव्हर काढला. एकेक स्क्रू पूर्ण उघडला, पुसला, परत आत टेकवला. मग दीड फेरा बाहेर. स्वतःचा. चावी लावली... इंजिन दोनदा कुरकुरलं आणि शहाण्यासारखं चालू झालं. उरलेली वळणं तो पायी चालणाऱ्याच्या वेगाने उतरला.

सव्वाचारला दवाखाना. पाच चाळीसला मुलगी झाली, रडली, चांगली कडाडून रडली. वकील कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून खाली बसला.

नऊ वाजता तो कार्बोरेटर काढून घेऊन काकांच्या शेडवर गेला. या वेळी तोंड बंद ठेवून सगळं ऐकलं. त्या जीपमध्ये दोघं होती. बाईच्या कळा सुरू झाल्या होत्या आणि नवरा तिला दवाखान्यात न्यायला सुसाट निघाला होता. तिघंही पोचली नाहीत. काकांनी तारेचा तुकडा उचलला, कार्बोरेटरला पुन्हा बांधला आणि खुंटीला न टांगता मागे नेऊन पुरला.

वकील वॉर्डात परतला. वहिनी जाग्या होत्या, कुशीत मुलगी.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तुम्ही पुढे बॉनेट उघडून उभे होतात ना, तेव्हा मागे माझ्याशेजारी कोण बसलं होतं?"

"कोणी नाही गं."

वहिनींनी चादरीतून उजवा हात बाहेर काढला. मनगटावर चार बोटांचे वळ, खाली अंगठ्याचा. नखं खोल रुतलेली. कळ आल्यावर घट्ट धरतात ना... तसं धरलेलं.

वकिलाने त्यावर आपला पंजा ठेवून पाहिला. त्याची बोटं पेरभर पुढे गेली. तो हात लहान होता. बाईचा.

डॉक्टर म्हणाले, आठ दिवसांत जातील. मुलगी आता शाळेत जाते. वळ अजून आहेत.