पलीकडच्या काठाची मींड

जर्मनीतल्या हायडेलबर्गला नोव्हेंबरात पाऊस पडत नाही, नुसता अंगाला चिकटतो. २००४ मधल्या अशाच एका शनिवारी इथे पीएच.डी. करणारी सुलेखा आपलं व्हायोलिन शालीत गुंडाळून डेलच्या दुकानात शिरली. डेल म्हणजे अमेरिकन फौजेतून निवृत्त झालेला म्हातारा. इथल्याच बाईशी लग्न करून तो इथलाच झाला होता आणि आता वाद्यं दुरुस्त करत होता. भाड्याच्या खोलीतल्या हीटिंगनं सुलेखाच्या व्हायोलिनचा सांधा उकलला होता.

डेल मागच्या खोलीत होता. पुढे बसलेल्या उंच तरुणानं न विचारता व्हायोलिन उचललं आणि तारा छेडल्या.

"हात नको लावूस रे बाबा…" ती मराठीत पुटपुटली.

"लावला. पण स्वर काय सुरेख लागलेत हो!" तोही मराठीतच म्हणाला.

सुलेखाला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"सा-प-सा-प," ती कशीबशी म्हणाली. "आमच्याकडे असंच लावतात. इथे सगळे म्हणतात, बेसूर आहे."

"आल्झो," जर्मन सवयीनं सुरुवात करत तो म्हणाला, "डेलआजोबांची धून नेमकी अश्शाच तारांवर वाजते! ऐकायची?"

तो सांगलीचा हृषिकेश. स्टुटगार्टला गिअरबॉक्सचं डिझाइन करायचा आणि दर शनिवारी ट्रेननं इथे फिडल, म्हणजे लोकधुनांसाठीचं व्हायोलिनच, शिकायला यायचा. धुनेचं नाव होतं 'पलीकडचा काठ'. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातल्या नदीवर नाव वल्हवणाऱ्या एका माणसाकडून ती त्याच्या पुतणीकडे आली. ती पुतणी म्हणजे डेलची आजी. कागदावर कधीच नाही, कानातून कानात. आणि वाजवण्याआधी ती कुणाकुणाकडून आली ते सांगायचं, हा डेलचा दंडक.

"आमच्यात गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात," सुलेखानं सांगितलं. एव्हाना बाहेर आलेल्या डेलला हे इतकं आवडलं, की त्यानं तिथल्या तिथे आजीचं नाव घेऊन आपला लांबलचक कान धरला.

मग तिचेही शनिवार त्या दुकानाचे झाले. धुनेच्या उत्तरार्धात एक सूर उगाच लांबायचा. नाव काठाला टेकेपर्यंत तो थांबतो, असं डेलची आजी म्हणायची. त्या सुरावर सुलेखाचं बोट आपोआप वरून अलगद खाली यायचं.

"घसरलीस!" हृषिकेश म्हणायचा.

"मींड आहे ती. अरसिक कुठला!"

"असेल. पण दुसऱ्याच्या धुनेत मी काही घालणार नाही. मिळाली तशीच पुढे द्यायची."

"इंजिनिअर तो इंजिनिअरच…" ती नाक मुरडायची. डेल मात्र मिशीत हसायचा.

नेकार नदीच्या काठानं स्टेशनपर्यंत दोघं चालत जायची. एका छत्रीत, उगाच हळू. तो बोलायचा खूप, फक्त बोलायचं तेवढंच बोलायचा नाही. दीड वर्ष असंच गेलं. सुलेखाची पीएच.डी. झाली, पुण्याला नोकरी ठरली, तिकीट आलं. त्यानं एकदा 'थांब' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. स्वतःहून विचारायचं तर जीभ रेटत नव्हती.

शेवटच्या शनिवारी डेलच्या बायकोनं केक केला. हृषिकेश फिडल घेऊन उभा राहिला. दंडकाप्रमाणे नावं सांगितली, नावाड्याचं, आजीचं, डेलचं, आणि वाजवू लागला. उत्तरार्ध आला. तो सूर लांबला… आणि त्याचं बोट वरून अलगद खाली आलं.

सुलेखाच्या हातातला काटा बशीतच राहिला.

धून संपली. "एक नाव राहिलं," तो खाली बघत म्हणाला. "ही मींड सुलेखाकडून." आणि त्यानं कान धरला.

"पण तू तर… काही घालणार नव्हतास ना?"

"नव्हतो. तुझ्याशिवाय आता वाजतच नाही, त्याला मी काय करू?"

तिचे डोळे भरून आले, पण चेष्टा सुटली नाही. "कान धरलास म्हणजे शिष्य झालास. गुरुदक्षिणा?"

"माग."

"पुण्याला ये. आईबाबांसमोर वाजव. आणि मग… मला परत घेऊन ये."

डेल आता नाही. स्टुटगार्टच्या चढावरच्या घरात हृषिकेश अजून शनिवारी फिडल काढतो, सगळी नावं सांगतो. शेवटच्या नावाला कान धरतो, तेव्हा सुलेखा अजूनही हातातलं काम थांबवते.