शनिवारचं गिऱ्हाईक

“अहो, मारताय कशाला त्याला?”

त्याचा हात हवेतच राहिला. कलिंगडांच्या ढिगापुढे उकिडवा बसून तो एकेका फळावर टिचक्या मारत होता, कान लावून ऐकत होता... आणि त्यातलं त्याला काही कळत नव्हतं, हे मला इकडून दिसत होतं.

“पिकलंय का बघत होतो,” तो ओशाळून म्हणाला.

“मग? काय म्हणालं ते?”

“अजून काय बोललं नाही. तुमच्यासमोर लाजतंय बहुतेक.”

मला हसू आलं. ते लपवायला मी वजनकाट्याकडे वळले, पण त्यानं ते टिपलं होतंच.

मालगुंडच्या अलीकडे, रस्त्याकडेला, दर शनिवारी आमचा शेतकरी बाजार भरतो. गणपतीपुळ्याला जाणाऱ्या गाड्या थांबतात, माणसं पाय मोकळे करतात, पांढरे कांदे, लाल माठ, कोकमं घेतात. भात कापून झालं की आमच्या मळ्यात मी कलिंगडं लावते. मीच पिकवते आणि मीच विकते. बाबांना त्यातलं पिकवणं चालतं. विकणं मुळीच नाही.

तर हा कोल्हापूरचा हर्षद. आईला आणि मावशीला देवदर्शनाला घेऊन निघालेला. दोघी गाडीत बसून वारा घेत होत्या.

“तुम्हीच एक निवडून द्या की. पांढरं निघालं तर आई मला इथंच उतरवून जाईल.”

“माझ्या मळ्यातलं पांढरं निघत नाही.”

“लई घमेंड हाय!”

“आहेच.”

तेव्हा त्यानं कलिंगडावरची नजर काढून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. नीट. खारा वारा ताडपत्री फडफडवत होता, केस तोंडावर येत होते – आणि ते बाजूला करायचं मला सुचलंच नाही.

पुढच्या शनिवारी तो एकटाच आला. म्हणे, आईला आवडलं. त्यानंतरच्या शनिवारी मावशीला हवं होतं. मग शेजाऱ्यांना.

“कोल्हापुरात कलिंगडं मिळत नाहीत?” मी विचारलं.

“मिळतात. पण ती बोलत नाहीत.”

आंबा घाट उतरून तो सकाळीच हजर व्हायचा. तिकडे त्याचं पॉवर टिलर आणि पंप दुरुस्तीचं दुकान होतं. इथे येऊन माझे क्रेट उचलायचा. शेजारच्या भागोजीकाकांचा बंद पडलेला फवारणी पंप त्यानं बोलता बोलता चालू करून दिला, तेव्हा काका मला म्हणाले, “मनस्वी गो, ह्या गिऱ्हाईक कलिंगडापायी येत नाय हां!”

मला का ते माहीत नव्हतं? म्हणूनच एकदा मी स्पष्ट सांगून टाकलं, “ही जमीन सोडून मी कुठे जाणार नाही. आधीच सांगून ठेवते.”

“मी कुठं चल म्हटलं?”

“म्हणशील.”

‘तुम्ही’ कधी गळून पडलं ते दोघांनाही त्याच क्षणी जाणवलं. चिंधीनं हात पुसत तो हळूच म्हणाला, “टिलर इकडं पण बिघडत असतील की...”

मी पुढच्या गिऱ्हाइकाचं कलिंगड काट्यावर ठेवलं. दिवसभर मात्र माझी वजनं चुकत राहिली.

आणि मग बाबांनी मुंबईचं स्थळ आणलं. मुलगा नोकरीवाला, स्वतःची खोली. “या शनिवारी दुकान लावू नकोस,” बाबांनी बजावलं.

मी लावलं.

पाहुण्यांना बाजारातच घेऊन येण्यावाचून बाबांना इलाज राहिला नाही. मुलगा, गौरव, तसा साधा वाटला. मोबाइलमधून मान वर करून कसनुसं हसला. त्याच्या आईनं मात्र पदर सावरत सगळा ढीग न्याहाळला.

“हौस म्हणून ठीक आहे हो. पण लग्नानंतर हे रस्त्यावर बसणं आमच्यात चालायचं नाही.”

बाबा माझ्याकडे पाहत होते. डोळ्यांनी विनवत होते... हो म्हण, गो.

“मग आपलं जमायचं नाही, काकू,” मी म्हणाले. “ही हौस नाही, माझं काम आहे. लग्न झालं तरी मी इथेच बसणार.”

“इथे बसून नवरा मिळतो?” बाबांचा आवाज चढला. आजूबाजूची घासाघीस थांबली.

ढिगापलीकडे हर्षद उभा होता, दोन्ही हातांत कलिंगड धरून. आता थांबणं शक्यच नव्हतं.

“हर्षद, मी इथून हलणार नाही. तू येशील?”

त्यानं कलिंगड अलगद खाली ठेवलं.

“येतो की.”

“नीट विचार कर. लोक घरजावई म्हणतील.”

“आत्तापासनंच म्हणायला लागलेत. आईनंच सुरुवात केली.”

“आईला सांगितलंस?”

“मागच्याच आठवड्यात.” त्याचे कान लाल झाले होते. “तुलाच तेवढं सांगायचं राहिलं होतं...”

भागोजीकाका सगळ्यांत आधी हसले. पाहुण्यांची गाडी तांबडी धूळ उडवत निघून गेली. बाबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“घाटावरचा आहे. आपल्यातला नाही. लोक काय म्हणतील, कळतंय ना तुला?”

“कळतंय, बाबा. ज्यांना म्हणायचंय त्यांना इकडेच पाठवा. मी दर शनिवारी असते.”

बाबा रिकाम्या क्रेटवर बसले. घाम पुसला. हर्षदला खालून वर, वरून खाली बघितलं.

“मासे खातोस काय रे?”

“खातो की,” हर्षद घाईनं म्हणाला. “काटे काढून दिले तर.”

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे.

“मी देणार नाही,” मी म्हणाले. “शिकायचं.”

“शिकतो.”

बाबांनी तोंड फिरवलं. पण त्यांचे खांदे हसत होते.