एक वीत, दोन बोटं कमी

सात वर्षांपूर्वीचा तो चैत्र प्रगतीला अजून आठवतो, आणि आठवला की कुठंही असली तरी हसू येतं. बारामतीच्या एसटी स्टँडाजवळच्या त्या लहानशा कॉम्प्युटरच्या दुकानात ती शिरली, ती खरं तर पंख्याखाली घटकाभर उभं राहायला मिळेल म्हणून. आधीच्या दोन दुकानांनी तिला वाटेला लावलं होतं. एकानं तर ‘भावाला पाठवा, त्याला समजावून सांगतो’ असं सांगितलं, आणि प्रगतीला भाऊच नव्हता.

दोन हंगाम ढोबळी मिरची पिकवून, एकेक भाग आणून तिनं लासुर्ण्यात घरी गेमिंगचा कॉम्प्युटर जोडला होता. पण ऊन चढलं की आतला प्रोसेसर तापायचा, आणि शर्यतीचं शेवटचं वळण उरलं की पडदा काळा. तात्यांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, टेबलफॅन समोर लावून पाहिला. पडदा काळाच. प्रोसेसरवर बसवायला चांगला कूलर घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

काउंटरमागे सांगवीचा सुयोग होता. त्यानं भावाबिवाचं काही काढलं नाही. प्रोसेसर कुठला, खोलीवर पत्रा आहे का, वाटेवरची धूळ आत येते का, एवढंच विचारलं आणि उत्तरं मन लावून ऐकली. ऐकताना तो बोलणाऱ्याकडं बघायचा, हेही प्रगतीनं बघून ठेवलं.

“पाण्यावर चालणारा घेऊ का? दिसतो तर झ्याक.”

“दिसतो. पण गळला तर सगळा बोर्ड जाईल. हवेचा घ्या. आठवड्याला धूळ पुसली की झालं.”

“ठिबकचे फिल्टर मीच धुती आठवड्याला. त्यात काय.”

तो हसला. मग त्यानं दोन खोकी समोर ठेवली. एक बुटका कूलर, एक उंच, दोन पंख्यांचा. उंच चांगला, पण कॅबिनेटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यात, तेवढी जागा हवी. आत जागा किती, असं त्यानं विचारलं. प्रगतीनं पर्समध्ये हात घातला... आणि तसाच बाहेर काढला.

“माझी एक वीत, दोन बोटं कमी.”

“वीत?”

“रोपातलं अंतर बी आमी असंच धरतो.”

त्यानं स्टीलची पट्टी काचेवर ठेवली. “ठेवा मग हात.”

तिनं अंगठा पट्टीच्या टोकाला टेकवला, करंगळी ताणली. पट्टी गार होती. आकडा बघायला तो वाकला, त्याचं बोट तिच्या करंगळीपाशी येऊन थांबलं. दोन आकड्यांची वजाबाकी करायला एवढा वेळ लागत नाही, हे दोघांनाही कळत होतं.

“उंच बसंल,” तो शेवटी म्हणाला. “न्हाय बसला तर बदलून देतो. फकस्त... शनिवारपर्यंत या. सोमवारपासनं मी पुण्याला. नोकरी लागलीय.”

प्रगतीला वाईट वाटलं. अर्ध्या तासाच्या ओळखीवर एवढं वाईट वाटावं, याचा तिला रागही आला. खोक्यावरच्या उंचीवर एक नजर टाकून तिनं पैसे दिले.

कूलर गुणाचा निघाला. भर दुपारी शर्यत संपली, पडदा काळा झाला नाही. पण कॅबिनेटचं बाजूचं झाकण काही केल्या लागेना.

शनिवारी ती दुकानात गेली, ती रिकाम्या हातानं.

“झाकण लागंना.”

“मग कूलर कुठाय?”

“काढला न्हाय. झाकण उघडंच ठेवणार हाय मी. धूळ जाईल आत. मग पुसायला... कुणीतरी येत जावं लागंल. रविवारी वगैरे.”

सुयोग काउंटरवरची पट्टी उगाच सरळ करत राहिला.

“एक सांगू? बसणार न्हाय, मला ठाऊक होतं. तीन मिलिमीटर जास्त हाय त्यो.”

“मग दिलात कशाला?”

“बदलायला तरी याल म्हणून. जायच्या आधी... एकदा.”

प्रगतीनं रागवायला हवं होतं. त्याऐवजी तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि काचेवर पसरला. त्यावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, कॅबिनेटमधली जागा, एकशे पंचावन्न मिलिमीटर.

“घरनं टेपनं मापून आणलं होतं,” ती म्हणाली.

“आन् मग वीत?”

“तुमी भावाला बोलवा म्हणाला न्हाय, म्हणून.”

सोमवारी तो पुण्याला गेलाच. पण पुढच्याच रविवारी सकाळी लासुर्ण्याच्या फाट्यावर उतरला, हातात नवा ब्रश. पाहुणे कोण, असं तात्यांनी विचारलं. धूळ पुसायला आलेत, असं प्रगतीनं सांगितलं. तात्यांनी ब्रशाकडं बघितलं, मग लेकीकडं बघितलं, आणि चहा टाकायला सांगितला.

आता दोघांच्या घरात रुंद कॅबिनेट आहे. कूलर तोच, आणि झाकण अगदी नेमकं बसतं. दर रविवारी सकाळी दोघं मिळून ते काढून ठेवतात.