संध्याकाळी चढणारा ताप

“सहा वाजून दहा मिनिटं,” धुळा ओसरीवरून कुजबुजला. “नानांनी घोंगडं घेतलं बगा.”

अपेक्षाने वहीत वेळ टिपली. सलग चौथा दिवस. सकाळी बिभीषणनाना चालते-फिरते असायचे, शेळीच्या दुधाच्या बाटल्या घेऊन पहिल्या एसटीने सोलापूर गाठायचे. पण दिवस कलला की हुडहुडी भरायची, मग ताप चढायचा आणि पहाटे अंथरूण घामाने भिजायचं. मलेरियाची तपासणी दोनदा झाली होती. दोन्ही वेळा काहीच निघालं नव्हतं.

अपेक्षा सोलापूरची. तिची वर्गमैत्रीण सोनम वसतिगृहात राहायची. दिवाळीच्या सुट्टीत सोनमने तिला मंगळवेढ्याच्या पुढे, माळावरच्या आपल्या घरी आणलं होतं. घरात सोनमची तानाबाई आज्जी, चुलते बिभीषणनाना आणि दहा वर्षांचा भाऊ धुळा. आईवडील मेंढरं घेऊन लांब गेलेले.

“डास चावला आसंल,” सोनम म्हणाली.

“मग डास एकट्या नानांनाच चावतो का? घर एक, पाणी एक, जेवण एक. नाना असं काय करतात, जे तुम्ही कुणी करत नाही?”

धुळाला विचार करावा लागला नाही. “नाना निरसं दूध पित्यात. धार काढली की तसंच, फेसासकट. आज्जी आमाला तीन उकळ्या आल्याबिगर थेंब देत न्हाय.”

दुसऱ्या दिवशी तिघं गावात हिंडली. नानांकडून दूध घेणारी चार घरं होती. तीन घरांत दूध तापवत होते, तिथं सगळे धडधाकट. चौथे शिवानंद मास्तर. ताकद येते म्हणून ते निरसं दूध प्यायचे, आणि तीन आठवडे झाले, संध्याकाळी ताप येऊन त्यांचे सांधे धरत होते.

परतताना सोनम एकाएकी थांबली.

“आपे, तुला एक सांगायचं हाय. नानांनी सांगू नको म्हटलंय.” ती मान खाली घालून बोलू लागली. “आखाडात नानांनी बाजारातनं पाच शेरडं आणली. त्यातली तीन गाभडली. पोटातली पिल्लं गेली. नानांनी समदं उघड्या हातानं साफ केलं. लोकांना कळलं तर दूध कोण घेणार, म्हणून गप बसलो.”

ते दूध सोलापुरात कुणाकडे जातं, हे अपेक्षाला ठाऊक होतं. शेळीच्या दुधाने रक्तातल्या पेशी वाढतात या समजुतीने डेंगीच्या तापातून उठणारी माणसं ते कच्चंच पीत होती.

नानांशी बोलून पाहिलं. ते घोंगड्यातूनच म्हणाले, “आगं, उकळलं तर त्यातलं सत्त्व जातंय. आनि डॉक्टरला शेरडं दावायची न्हाईत. उगा गावभर बोभाटा.”

गुरुवारी शेजारच्या गावच्या शाळेत सरकारी जनावरांच्या डॉक्टरांचं शिबिर होतं. त्या सकाळी नाना एसटीने गेले आणि सोनमने चाळीस शेळ्या सोडल्या. रोज ती ओढ्याकडे वळायची. आज ती रस्त्याकडे वळली. दारात उभ्या तानाबाई आज्जीने ते पाहिलं. तिने धुळाच्या हातात भाकरीचं फडकं दिलं. “लांब जाताय. दोन भाकरी ज्यादा बांधल्यात.”

वाटेत दोन्ही बाजूंना गुडघाभर जोंधळा डोलत होता. शेळ्या त्यात शिरल्या असत्या तर शेतकऱ्याने तिघांनाही सोडलं नसतं. तेवढ्यात समोरून उसाने भरलेला ट्रॅक्टर आला, मोठ्याने गाणी लावलेला. कळप उधळला. अपेक्षा नुसतीच हात पसरून उभी राहिली. सोनम मात्र पळाली नाही, ओरडली नाही. तिने पुढच्या म्हाताऱ्या शेळीचं शिंग धरलं, जिभेने टकटक आवाज काढला आणि जागीच उभी राहिली. एकेक करून सगळा कळप तिच्यामागे येऊन थांबला. शाळेत शेवटच्या बाकावर गप्प बसणारी ती हीच का, असं अपेक्षाला वाटलं.

डॉक्टर वैजयंतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही हसल्या नाहीत. हातमोजे चढवून त्यांनी नव्या पाच शेळ्यांचं आणि काही जुन्यांचं रक्त घेतलं. सोनम एकेकीला धरायची, धुळा नावं सांगायचा. नळ्यांमधलं रक्त खाली बसायला तास गेला. मग फरशीच्या छोट्या पांढऱ्या तुकड्यावर वरच्या पिवळसर पाण्याचा एक थेंब, शेजारी गुलाबी औषधाचा एक. दोन्ही मिसळून बाईंनी तो तुकडा हातात धरून हळूहळू हलवला.

जुन्या शेळीचा थेंब गुळगुळीत राहिला. नवीच्या थेंबात मात्र बारीक बारीक कण जमले.

“ब्रुसेला,” बाई म्हणाल्या. “डोळ्यांना न दिसणारा जंतू. शेळी गाभडते ती यानेच. कच्च्या दुधातून आणि उघड्या हातांतून तो माणसात येतो. मोठ्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासू. पण पोरांनो, तुमची वही बरोबर आहे.”

संध्याकाळी बाई स्वतः घरी आल्या. नाना आधी भडकले, पोरींकडे रागाने पाहत राहिले. मग बाईंनी वही त्यांच्यापुढे ठेवली. तारखा, वेळा, मास्तरांचे सांधे. नाना बराच वेळ वाचत होते.

“उकळलं तर मरतोय का ह्यो?”

“मरतो. आज्जी करतात तसं उकळायचं.”

“आनि माजा ताप?”

“आधी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. हेच निघालं तर दीड महिना गोळ्या. एकही चुकवायची नाही. आजारी शेळ्या वेगळ्या बांधायच्या, विकायच्या नाहीत.”

आता नाना सगळं लपवतील, असं अपेक्षाला वाटलं होतं. पण सकाळी ते रिकाम्या पिशवीनिशी एसटीला निघाले आणि पोरींना म्हणाले, “चला. वही घ्या.”

सोलापुरात ते प्रत्येक दारी गेले. “मी दिलेलं दूध निरसं होतं आनि शेरडं आजारी हायत. माजी चूक झाली. ताप आला तर डॉक्टरला ह्ये नाव सांगा.” अपेक्षाने प्रत्येकाला ‘ब्रुसेला’ लिहिलेली चिठ्ठी दिली. एका माणसाने दारातच त्यांना वाटेल ते सुनावलं. नाना मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि मग पुढच्या दाराकडे वळले. नववं दार उघडलं तेव्हा आतल्या बाईने सांगितलं, “आमच्या मुलाला आठ दिवस संध्याकाळीच ताप येतोय हो.” त्याच दिवशी त्याला दवाखान्यात नेलं. ब्रुसेलाचं निदान वेळेत झालं.

पोरी परतल्या तेव्हा गावात बातमी आधीच पोचली होती. शिवानंद मास्तर काठी टेकत आले आणि तिघांपुढे हात जोडू लागले. धुळा लाजून शेळ्यांमागे दडला.

तानाबाई आज्जीने तिघांच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

“शेरडं तर समदीच राखत्यात,” ती म्हणाली. “तुमी मानसं राखली.”