कोणाचे पाहुणे

आमच्या मंडळाची सभा दर गुरुवारी संध्याकाळी सहाला भरते आणि घंटेशिवाय ती सुरू होत नाही. घंटा पितळी आहे, मुठीत मावेल एवढी. सहा वाजले की अध्यक्षबाई ती एकदाच वाजवतात, आणि त्यानंतर जो येईल त्याची नोंद ‘उशिरा’ अशी होते. त्या गुरुवारी घंटा माझ्या पिशवीत होती, कारण मी ती घासून आणायला घरी नेली होती. आणि मी लिफ्टमध्ये अडकले होते.

चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये कुठेतरी. दिवा चालू होता, पंखा बंद. धोक्याचं बटण दाबलं तर ते आत गेलं आणि परत बाहेर आलंच नाही. सहाला दोन मिनिटं होती. मी मंडळाची चिटणीस. हजेरी घ्यायची, सभेचा वृत्तांत लिहायचा आणि पुढच्या गुरुवारी तो वाचून दाखवायचा, हे माझं काम. पोटापाण्यासाठी छापखान्यात मुद्रितं तपासते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते. त्यामुळे स्वतःची चूक मला जरा जडच जाते. शेवटी नाइलाजाने घंटा काढली आणि वाजवली.

वर पाचव्या मजल्यावर, आमच्या सभागृहात, खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. पाठोपाठ अध्यक्षबाईंचा खणखणीत आवाज. “सर्वांचं स्वागत.”

माझ्याशिवाय सभा सुरू झाली होती. तेवढ्यात खालून कोणीतरी विचारलं,

“शाळा भरली, की सुटली?”

“कोण आहे?” मी म्हटलं.

“लिफ्टवाला. तुम्ही कोण?”

“मंडळाची चिटणीस.”

“एकट्याच आहात?”

“सोबत घंटा आहे.”

पावलं जिना चढत अगदी जवळ आली. “ती आता वाजवू नका. मी वर मोटारीपाशी जातोय. घाबरायचं नाही, दोर असा तुटत नसतो.”

“मी घाबरलेली नाही. मला उशीर झालाय.”

“मग अवघड आहे,” तो म्हणाला. “भीतीवर माझ्याकडे इलाज असतो.”

दहा मिनिटांनी लिफ्ट हळूहळू वर सरकली आणि मजल्याच्या हातभर खालीच थांबली. दार उघडलं. तो गुडघ्यावर बसला होता. त्याने हात पुढे केला, त्याच्याकडे बघितलं, फडक्याला पुसला, पुन्हा बघितलं. मग हात मागे घेऊन कोपर पुढे केलं. “हात काळा आहे,” तो म्हणाला. कोपर धरून मी वर आले. त्याच्या कपाळावर घाम होता आणि भुवईत ग्रीसचा ठिपका. हे मी लक्षात ठेवलं असं नाही, ते राहिलं.

लिफ्ट उद्यापर्यंत वापरू नका, एवढंच सांगायला तो सभागृहात शिरला. पण चालू सभेत जो बाहेरचा येतो तो पाहुणा, आणि पाहुण्याने आपल्या कामाबद्दल दोन मिनिटं बोलायचं, ही आमची पद्धत. अध्यक्षबाई तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी “उभे राहा” म्हटलं की माणूस उभा राहतो. तोही राहिला, हातात पाना घेऊन.

“लिफ्टमध्ये शिरल्यावर लोक एकमेकांकडे बघत नाहीत,” तो म्हणाला. “सगळे वर बघतात. मला बरं वाटतं, कारण मी बऱ्याचदा वरच असतो.” एवढं बोलून बसला. दोन मिनिटांतलं दीड मिनिट शिल्लक राहिलं.

मग पाहुण्यांची वही. तिच्यात तीन रकाने : नाव, काम, कोणाचे पाहुणे. तिसऱ्यात काय लिहावं हे मला समजेना. औषधवाले काका कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक, पण नियमांचं पुस्तक त्यांना औषधांपेक्षा जास्त पाठ. ते म्हणाले, “रकाना रिकामा ठेवता येत नाही.” मी लिहिलं : लिफ्ट बंद पडल्यामुळे.

त्याने ते उलट्या बाजूने वाचलं. “म्हणजे मी कोणाचाच नाही.”

“नियमाप्रमाणे नाही.”

“बघू,” तो म्हणाला, आणि महिन्याभरात सभासद झाला.

आमचं रविवारचं काम सांगायला हवं. वरच्या मजल्यावर राहणारी काही म्हातारी माणसं वर्ष वर्ष खाली उतरत नाहीत. गुडघे चालत नाहीत आणि इमारतीला लिफ्ट नसते. त्यांना आम्ही खुर्चीत बसवून खाली आणतो, तासभर बागेत बसवतो आणि परत वर नेतो. एका खुर्चीला दोघं. जोड्या उंचीवरून लावायच्या, म्हणजे खुर्ची कलत नाही. मी उंच आहे, आईच्या मते नको तेवढी. दोन वर्षं मला जोडच मिळत नव्हती. तो आल्यावर काकांनी आम्हाला भिंतीशी उभं करून फूटपट्टी लावली आणि वहीत लिहून टाकलं.

आमच्या वाट्याला आल्या चौथ्या मजल्यावरच्या आजी. आयुष्यभर शिवणकाम केलेल्या, अंगाने बारीक, तोंडाने तिखट. मी वरून खुर्चीची पाठ धरायची, तो खालून पाय धरून उलटा उतरायचा. त्याला मागचं दिसत नाही, म्हणून पायऱ्या मी सांगायच्या. एकूण अठ्ठ्याऐंशी. पायरी. पायरी. वळण. सपाट. पायरी.

“चिटणीसबाई,” दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, “तुम्ही माझ्याशी आठवडाभरात बोलता त्यातले निम्मे शब्द ‘पायरी’ असतात.”

“उरलेले निम्मे?”

“‘वळण’.”

“तुम्ही खाली बघा.”

“खाली बघून उपयोग नाही, मी उलटा चालतोय. तुमच्याकडेच बघावं लागतं.”

मधल्या खुर्चीतून आजी म्हणाल्या, “पायऱ्या काय हिच्या तोंडावर लिहिल्यात?”

“हो आजी,” तो म्हणाला. “पायरी आली की भुवई वर जाते.”

आजींनी त्याला नीट न्याहाळलं. “शर्टाचं दुसरं बटण कोणी लावलं?”

“मीच.”

“दिसतंय. म्हणजे घरी कोणी नाही.” मग मान वळवून माझ्याकडे, “ऐकलंस ना?”

“आजी, पायरी,” मी म्हटलं.

मला तो आवडत होता. हे मी तेव्हा कुठेही लिहिलं नाही, कारण तो सभेचा विषय नव्हता. पण गुरुवारी पावणेसहापासून माझं लक्ष जिन्याकडे लागायचं. लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस स्वतः जिन्याने यायचा, दोन दोन पायऱ्या एकदम चढत. त्याची पावलं मला तिसऱ्या मजल्यापासून ओळखू यायची. बाकीच्यांची नावं मी ते दारातून आत आल्यावर लिहायची. त्याचं मात्र पावलं वाजली की लिहून टाकायची. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मग त्याच्या कंपनीने एका नव्या इस्पितळाचं काम घेतलं आणि त्याची संध्याकाळची पाळी लावली. एक गुरुवार गेला. दुसरा गेला. लागोपाठ तीन सभा चुकल्या की सभासदाचं नाव कमी होतं. आणि खुर्ची उचलायची ती सभासदानेच, हाही नियम. एकदा कोणाचा तरी भाचा हौसेने आला होता आणि मध्येच त्याने खुर्चीचा पाय सोडला होता. म्हणजे या लिफ्टवाल्याचं नाव गेलं की गुरुवार गेला, रविवारही गेला, आणि माझ्या उंचीचं दुसरं कोणी नसल्याने आजींची बागही गेली.

“तिसऱ्या सभेला काहीही करून येतो,” रविवारी खुर्ची खाली ठेवताना तो म्हणाला. “पाळी बदलून मागितलीय.”

“या,” मी म्हटलं. “नाहीतर मला नाव खोडावं लागेल.”

“खोडाल?”

“नियम आहे.”

“मी नियमाचं नाही विचारलं,” तो म्हणाला. मी आजींची शाल सारखी करत बसले.

तिसऱ्या गुरुवारी सहाला तीन मिनिटं असताना जिन्यावर पावलं वाजली, दोन दोन पायऱ्या एकदम. मी नाव लिहिलं. पावलं चौथ्या मजल्यावर थांबली. तिथे कोणाकडे तरी पडदे घेऊन माणूस आला होता. घंटा वाजली, त्याची खुर्ची रिकामीच राहिली. लेखणी माझ्या हातात होती. एक रेघ मारायला कितीसा वेळ लागतो… मी मारली नाही. नाव लिहिलं ती चूक होती. खोडलं नाही ती चूक नव्हती.

रविवारी पावसामुळे खुर्च्या निघाल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, ओले केस, साबणाचा वास. पाळी बदलून मिळाली, असं त्याने बसता बसता खुणेनेच सांगितलं. मी उभी राहून मागच्या सभेचा वृत्तांत वाचला. हजर सभासदांत त्याचं नाव आलं तेव्हा आवाज हलू दिला नाही; फक्त कागदावरून नजर वर केली नाही.

“काही दुरुस्ती?” अध्यक्षबाईंनी विचारलं. हे त्या दर गुरुवारी विचारतात आणि दर गुरुवारी कोणी काही बोलत नाही.

तो उभा राहिला. “एक आहे. मागच्या सभेला मी नव्हतो.”

मला त्याचा राग आला. खरंच आला. याच्यासाठी मी तीन वर्षांच्या चिटणीसपणाची अब्रू पणाला लावावी आणि याने सगळ्यांसमोर ती उघडी पाडावी. काकांनी चष्मा चढवला आणि नियमांचं पुस्तक उघडलं.

“चिटणीस?” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“चूक माझी आहे,” मी म्हटलं. “पावलं ऐकून मी नाव लिहिलं. ती यांची नव्हती हे मला सहालाच कळलं होतं. तरी खोडलं नाही.”

“का?”

मुख्याध्यापिका असं विचारतात तेव्हा खोटं सुचत नाही. “कारण मला ते गुरुवारी इथे हवे आहेत. रविवारीही.” आता थांबण्यात अर्थ नव्हता. “आणि खरं सांगायचं तर… बाकीच्या दिवशीही.”

तो उभाच होता, बसायचं विसरून.

“वृत्तांतात एवढं सगळं घेऊ नका,” अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या. “‘चिटणिसांनी चूक मान्य केली’, एवढं पुरे. नाव कमी करा.”

मी पट्टी घेतली आणि त्याच्या नावावरून सरळ रेघ ओढली. मग मी त्याच्याकडे बघितलं. “गप्प का बसला नाहीत?”

“तुम्ही आज नाव वाचलंत ते खाली बघून,” तो म्हणाला. “मी गप्प बसलो असतो तर यापुढे दर गुरुवारी तसंच वाचलं असतं. मला ते चाललं नसतं. त्यापेक्षा नाव गेलेलं बरं.”

माझा राग कुठे गेला ते कळलं नाही.

काका खाकरले. “आता हे गृहस्थ इथे कोण म्हणून बसलेत? बाहेरच्याला सभेत बसता येत नाही.” मग पुस्तकाची चार पानं उलटली. “पाहुणा असेल तर गोष्ट वेगळी. नियम चौदा, कोणी वाचतच नाही तो. पाहुण्याला सभेत बसता येतं, आणि आणणाऱ्या सभासदाच्या जबाबदारीवर सेवेच्या कामातही भाग घेता येतो. खुर्चीसुद्धा त्यात आली.” त्यांनी पाहुण्यांची वही माझ्यापुढे सरकवली. “फक्त रकाना रिकामा ठेवायचा नाही.”

मी नाव लिहिलं. काम लिहिलं. तिसऱ्या रकान्यात, ‘कोणाचे पाहुणे’च्या खाली, लिहिलं : माझे.

काका वाकून वाचायला लागले. “‘माझे’ म्हणजे कोणाचे? उद्या दुसऱ्या कोणी वाचलं तर…”

“राहू द्या,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “पुढचा विषय.”

सात वाजता सभा संपली. सगळे लिफ्टच्या दाराशी गेले, आम्ही जिन्याकडे वळलो. तो दोन पायऱ्या उतरला, थांबला आणि वळून माझ्याकडे तोंड करून उभा राहिला, रविवारी असतो तसा. मध्ये खुर्ची नव्हती.

“बाकीच्या दिवशीही,” तो म्हणाला. “मलाही. पहिल्या दिवसापासून. आजींना माहीत आहे.”

“आजींना सांगितलंत, आणि मला नाही?”

“त्यांनी बटणावरून ओळखलं.” त्याने हात पुढे केला, कोपर नाही. “आज घासून धुतलाय.”

नखांच्या कडेला अजून थोडं काळं होतं. मी हात धरला. तो उलटा उतरायला लागला, आणि पाच मजले मी पायऱ्या सांगत गेले.