उरलेल्या केसांसाठी

"केसवाल्या पेशंट, आत चला!" नर्सने दारातून हाक दिली आणि बाकावरून दोघी एकदमच उठल्या.

एक होती मासोळी. तलावावर मुलांना पोहायला शिकवणारी. घरीदारी सगळे तिला याच नावाने हाक मारत. दुसरी होती साठीची एक बाई. तिचे कपाळावरचे केस चांगले चार बोटं मागे हटले होते आणि भुवया पेन्सिलीने काढलेल्या होत्या. त्यातली डावी घाईत जरा वर गेली होती, त्यामुळे बाईंना सारखं कशाचं तरी नवल वाटतंय असं दिसे. सोबत त्यांचा भाचा होता.

"तुम्ही जा आधी," मासोळी म्हणाली. "मला घाई नाही."

खरं तर तिला घाई होती... पळून जायची.

"तुम्हाला घाई नाही, मावशीला हौस नाही," भाचा म्हणाला. "मग मीच जाऊन येतो. केस काय, मलाही आहेत."

मासोळीला खुदकन हसू आलं. त्वचारोग विभागाच्या बाकावर हसू येईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे.

"तुमच्या कानाला मैदा लागलाय," ती म्हणाली.

"बेकरी आहे माझी. पुसला तर गिऱ्हाईकं ओळखत नाहीत."

शेवटी मावशीच आधी आत गेल्या आणि ही दोघं बाहेर गप्पा मारत बसली.

मासोळीच्या टाळूवर रुपयाएवढा चट्टा पडला त्याला दोन वर्षं झाली होती. आता तो तळहाताएवढा झाला होता. कुणी कोंडा म्हणालं, कुणी ताण म्हणालं. आईने नाना तऱ्हेची तेलं चोळली. तलावावर टोपी आणि बाहेर रुमाल, असं करत तिने दिवस ढकलले होते. सगळ्यांचं म्हणणं एकच – येतील गं परत! पण चट्ट्यावरची कातडी दिवसेंदिवस काचेसारखी गुळगुळीत होत चालली होती आणि कडेने सारखी आग आग होत होती.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोक्यावर भिंग टेकवलं आणि चट्टा कडेकडेने तपासला. मग समोर बसून म्हणाल्या, "हे बघ, टक्कल म्हणजे एकच आजार नव्हे. काहींमध्ये केसाचं मूळ नुसतं झोपतं, त्याला जागं करता येतं. पण तुझ्या डोक्यावर केसांची छिद्रंच बुजलीत. सूज आली, मूळ मेलं आणि त्या जागी व्रण भरला."

"म्हणजे... तिथे पुन्हा नाही उगवणार?"

"तिथे नाही. पण हा वणवा कडेने पुढे सरकतोय. तो थांबवला तर बाकीचे केस वाचतील. यातही प्रकार आहेत. रक्तातल्या कुठल्या पांढऱ्या पेशी मुळांवर तुटून पडल्यात, त्यावर प्रकार ठरतो आणि त्यावरच औषध. त्यासाठी चट्ट्याच्या कडेचा छोटासा तुकडा काढून तपासायचा. कडेचाच, कारण मधे आता काही उरलेलं नाही."

मासोळी बाहेर आली तेव्हा बेकरीवाला दोन कप चहा घेऊन उभा होता. तिने सगळं सांगून टाकलं. का सांगितलं, ते तिचं तिलाही कळलं नाही. त्याने ऐकून घेतलं आणि घाईघाईने म्हणाला, "अहो, केसच ते. येतील परत!"

तिने कप बाकावर आदळला. "दोन वर्षं हेच ऐकतेय मी! ह्या एका वाक्यापायी माझं अर्धं डोकं गेलं. कळत नसेल तर गप्प बसावं माणसाने!"

आणि ती ताडताड निघून गेली.

घरी आई हटून बसली. "आहेत त्या केसांत वरून भोक कशाला पाडून घेतेस? मी नवीन तेल मागवलंय."

"आई, आता अंदाजपंचे काही नको. काय झालंय ते मला कळलं पाहिजे."

"आणि काही भलतंच निघालं तर?"

"निघू दे. नाव तरी कळेल त्याचं."

"मी नाही येणार बाई ते बघायला," आई डोळे पुसत म्हणाली.

म्हणून ठरलेल्या दिवशी ती एकटीच गेली. मावशी बाकावर बसल्या होत्या. आज दोन्ही भुवया सारख्या होत्या. शेजारी बेकरीवाला. तो उठून तिच्यापाशी आला.

"चुकलो मी. त्या दिवशी तुम्ही गेल्यावर आत जाऊन डॉक्टरीणबाईंना नीट विचारलं. मावशीचे पुढचे केस, भुवया... तुमच्याच आजाराचा एक भाऊबंद निघाला. परत यायचे नाहीत. मी मावशीलासुद्धा सहा महिने तेच सांगत होतो – येतील परत!"

"आणि मी ऐकत होते," मावशी बसल्या जागेवरून म्हणाल्या. "कानफटात मारायला हवी होती."

मासोळी हसली नाही. ती रुमालाची गाठ सारखी चाचपत होती. त्याने ते पाहिलं आणि हळूच विचारलं, "एक विचारू? ...दुखतं का?"

दोन वर्षांत सगळ्यांनी सल्ले दिले होते, हे कुणीही विचारलं नव्हतं.

"आग होते," ती म्हणाली. "रात्री उशीवर डोकं टेकवत नाही."

"मग जा. तपासून घे. मी इथेच आहे."

केव्हा त्याने 'अहो' सोडलं आणि ती 'तुम्ही' विसरली, दोघांच्याही ध्यानात आलं नाही. आत बधिर करायची सुई टोचली तेव्हा तिने दात आवळले. बाकी जड दाबल्यासारखं वाटलं, एवढंच. दोन टाके पडले.

टाके निघेपर्यंत तिला पाण्यात उतरायला मनाई होती. ती काठावर उभी राहून शिकवायची आणि संध्याकाळी बेकरीवाला तलावाच्या फाटकाशी ताज्या बिस्किटांचा पुडा घेऊन यायचा. "चवीला आणलीत... तुझ्यासाठी नाही, मुलांसाठी," असं तो म्हणायचा. मुलं घरी गेलेली असायची.

अहवाल आला. लायकेन प्लॅनोपिलारिस, लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींनी केलेला हल्ला. मासोळीने आईला समोर बसवून एकेक शब्द समजावला. आई आधी रडली, मग उठून तेलाच्या सगळ्या बाटल्या बाहेर ठेवून आली. "गोळी जेवणाआधी की नंतर, तेवढं सांग," म्हणाली.

त्याच दुपारी मासोळी बेकरीत शिरली. भट्टीची ऊब, ताज्या पावाचा वास. तो एकटाच होता. ती थेट गल्ल्याच्या मागे गेली आणि डोक्यावरचा रुमाल सोडला.

"बघ."

त्याने पाहिलं. नजर चोरली नाही, चुकचुकलाही नाही.

"हे परत येणार नाहीत," ती भराभर बोलू लागली. "गोळ्या बराच काळ चालतील, त्या डोळ्यांना बाधू शकतात म्हणून डोळे तपासत राहावं लागेल. थांबेल असं डॉक्टर म्हणतात, पण पुन्हा कधी उसळी मारेल, सांगता येत नाही. मी लढणार आहे. आणि... आणि तू मला आवडतोस. झालं. आता बोल."

तो गोंधळला. हात पुसायला फडकं शोधू लागला, ते खांद्यावरच होतं.

"अगं, हे आधी मी सांगणार होतो! आठवडाभर मनात मळून ठेवलंय."

"मग सांग की."

"तू ओरडलीस ना माझ्यावर, त्या दिवसापासून..." तो अडखळला. "म्हणजे... मला तू हवी आहेस. ह्या सगळ्यासकट. औषधाच्या वेळा मी पाळेन, पण ओरडायचं काम तुझ्याकडेच."

तिने हात पुढे केला. त्याने तो घट्ट धरला.

तेवढ्यात दार वाजलं आणि एक बाई आत आली. मासोळीचा दुसरा हात झटकन रुमालाकडे गेला... आणि वाटेतच थांबला. तिने रुमाल खिशात कोंबला. बाईने तिच्या डोक्याकडे पाहिलं, पाहतच राहिली. मासोळीनेही तिच्याकडे सरळ पाहिलं.

"काय देऊ?" तिने विचारलं.

"पाव... अर्धा डझन."

पाव बांधून द्यायला दोन हात लागतात. त्या दोघांपाशी मिळून दोनच मोकळे होते, एक त्याचा अन् एक तिचा. बाईला त्या दिवशी जरा जास्त वेळ थांबावं लागलं.